सांगलीत आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती फूट झालं की तळमजल्यावरचं काय हलवायचं?

तळमजला_गावभाग

सांगलीच्या गावभागात तळमजल्यावर भाड्याने राहतो. घरात आई-वडील, दोघंही सत्तरीच्या पुढचे. सामान: इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी, फ्रिज, वॉशिंग मशीन, दुकानाचा टॅलीचा हिशोब असलेला जुना कॉम्प्युटर, एक स्कूटर. वरच्या मजल्यावरचे एक खोली द्यायला तयार आहेत. प्रश्न असे:

१. ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका हे माहीत आहे. पण माझ्या उंबऱ्याला पाणी कधी लागणार, हे कसं काढायचं?
२. बॅटरी सुरक्षित कशी हलवायची?
३. पाणी ओसरल्यावर लाइट कधी चालू करायची?
४. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे इथे पूर येतो का, यावरून दरवर्षी भांडण होतं. त्यात खरं किती?

कृष्णाकाठ_५७

पहिल्याचं उत्तर शेजाऱ्यांच्या भिंतीवर आहे. २०१९ ला आयर्विनला साधारण साडेसत्तावन्न फूट पाणी होतं. तुमच्या घरात तेव्हा पाणी कुठवर होतं, ती रेघ घरमालकाला विचारा. बऱ्याच भिंतींवर रंगाखाली ती अजून दिसते. फरशीपासून रेघेपर्यंत टेपने मोजा आणि साडेसत्तावन्नातून वजा करा. समजा रेघ सहा फुटांवर आहे, तर तुमची फरशी म्हणजे आयर्विनचे साडेएक्कावन्न फूट. त्यातून एक फूट सावधगिरीचा काढा. हा आकडा दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवा. ४० आणि ४५ हे प्रशासनाचे आकडे, तुमचा आकडा हा.

सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागांत ४० व्हायच्या आधीच पाणी शिरतं. त्यांनी इशारा पातळीची वाटच बघायची नसते.

आता वेग. तीन तासांच्या अंतराने दोन आकडे घ्या. तासाला तीन इंच चढत असेल तर फुटाला चार तास. म्हणजे आज ४४ असेल आणि तुमचा आकडा साडेपन्नास असेल, तर हातात सव्वीस तास आहेत. वेग दुप्पट झाला तर तेरा. दर तीन तासांनी पुन्हा मांडा, कारण वेग बदलतो.

नुसतं आयर्विन बघू नका. जलसंपदाच्या रोजच्या पूर-पत्रकात कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी आणि मग आयर्विन अशी क्रमाने पातळी असते. कराडला चढलं की सांगलीला चढणार. भिलवडीला स्थिर झालं की सांगलीत थोड्या वेळाने स्थिर होतं. 'कोयनेचे दरवाजे बंद केले' हे ऐकून निर्धास्त होऊ नका. धरणाच्या खाली पडणारा पाऊस कुठल्याच दरवाज्याने अडत नाही. शिवाय चांदोली धरणातून वारणेला पाणी सोडलं असेल तर हरिपूरच्या संगमावर वारणा कृष्णेला तटवते आणि सांगलीचं पाणी उतरायला वेळ लागतो.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोत तारीख-वेळ नसेल तर तो धरूच नका, २०१९ चेच फोटो दरवर्षी नव्याने फिरतात. मोबाइलमध्ये आपत्तीचे इशारे देणारं 'सचेत' ॲप टाका. जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर १०७७.

वायरमन_मिरज

बॅटरीचं सविस्तर सांगतो. यात माणसं मरतात, म्हणून कंटाळा न करता वाचा.

मेन स्विच पाडला म्हणजे घर मेलं असं नाही. इन्व्हर्टर चालू असेल तर त्याच्या लाइनवरचे दिवे, पंखे, बोर्ड जिवंतच असतात. महावितरणने तुमच्या भागाची डीपी बंद केली की इन्व्हर्टर आपोआप बॅटरीवर जातो आणि गुडघाभर पाण्यात २३० व्होल्ट उभे राहतात. म्हणून पाणी घरात यायच्या आधी पहिलं काम इन्व्हर्टर बंद करणं, नंतर मेन.

बॅटरी काढताना:
– इन्व्हर्टरचा पुढचा स्विच बंद. मग त्याचा प्लग भिंतीतून काढा.
– १० किंवा १३ चा पाना घ्या, पान्याच्या मुठीला इन्सुलेशन टेप गुंडाळा. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा.
– आधी काळी (निगेटिव्ह) वायर, मग लाल. वरती जोडताना उलट: आधी लाल, मग काळी. पाना दोन्ही टोकांना एकदम टेकला तर पाना वितळेल इतका करंट जातो.
– दोन्ही टोकांवर टेप मारा. पाण्याची बुचं घट्ट आहेत ना, बघा.
– वजन पन्नास-साठ किलो असतं. दोन माणसं लागतात, तेही कोरड्या जिन्यावर. बॅटरी तिरकी करायची नाही, ॲसिड सांडतं आणि कपडे, कातडी दोन्ही जाळतं.

माळ्यावर टाकू नका. एक तर वजन, दुसरं म्हणजे चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, तिथे हवा खेळत नाही. वरच्या खोलीत फळीवर, खिडकीजवळ ठेवा.

बॅटरीसोबत इन्व्हर्टरही वर न्या आणि त्याला फक्त एक एक्स्टेन्शन बोर्ड लावा. वरच्या मजल्याच्या वायरिंगला जोडायचा नाही. भरलेल्या १५० एएच बॅटरीतून हजार वॉट-तास तरी हाती लागतात. फोन एकदा पूर्ण भरायला नुकसान धरून पंचवीस वॉट-तास पुरतात. म्हणजे चाळीस वेळा चार्जिंग. अख्ख्या बिल्डिंगचे फोन दोन-तीन दिवस चालतील. त्यावर टीव्ही, फ्रिज लावलात तर एका दिवसात संपलं.

फ्रिज हलवताना उभाच ठेवा. आडवा करावाच लागला तर पुन्हा उभा केल्यावर लगेच चालू करू नका, कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर यायला चार-पाच तास द्या.

हरिपूरची_ताई

स्वयंपाकघर आणि संडास कुणी सांगितलं नाही, म्हणून लिहिते.

सिलिंडर: रेग्युलेटर काढा, वरती सुरक्षेचं टोपण लावा, शक्य असेल तर वर न्या. राहिलाच तर खिडकीच्या गजाला दोरीने उभा बांधा. रिकामा तर तरंगतोच, भरलेला १४.२ किलोचा सुद्धा तरंगतो. तरंगत दारावर, कपाटावर आपटत राहतो.

पाण्याची टाकी आणि हौद काठोकाठ भरा. रिकामी प्लास्टिकची टाकी पाण्याबरोबर उचलली जाते आणि पाइप तोडते. हौदाच्या झाकणावर प्लास्टिक टाकून वर वजन ठेवा.

घरात पहिलं पाणी दारातून येत नाही, संडासाच्या भांड्यातून आणि मोरीच्या जाळीतून येतं. ड्रेनेज आधी तुंबतं. जाड प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून, तोंड बांधून भांड्यात घट्ट दाबून बसवा. मोरीच्या जाळीवरही तसंच. याने पूर अडत नाही, पण दारात पाणी येईपर्यंतची घाण अडते.

डाळी-तांदूळ नंतर. आई-वडिलांच्या गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, चष्मे यांची एक पिशवी आधी. गोळ्या निदान दहा दिवसांच्या घ्या, पाणी उतरल्यावर मेडिकलची दुकानंही लगेच उघडत नाहीत. आणि त्या दोघांना जिना कोरडा असतानाच वर न्या, सामानाच्या आधी.

हार्डडिस्क_विश्रामबाग

कॉम्प्युटर: मॉनिटर, कीबोर्ड सोडून द्या, कॅबिनेट तेवढं वर न्या. तेही जमत नसेल तर मागचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवा, डिस्कला लागलेल्या दोन वायरी ओढून काढा आणि फक्त डिस्क घ्या. पाच मिनिटांचं काम. टॅलीचा बॅकअप मात्र आजच घ्या आणि गूगल ड्राइव्हवर चढवा, १५ जीबी फुकट आहे. पेन ड्राइव्ह त्याच कपाटात असेल तर तो बॅकअप नव्हे.

डिस्क गाळात बुडाली तर सुरू करून बघू नका, उन्हात वाळवू नका. आत गाळ असताना फिरली की तबकडीवर ओरखडे पडतात, मग कुणालाच काही काढता येत नाही. पिशवीत बंद करून डेटा काढणाऱ्याकडे न्या. भिजलेला फोनही तसाच: बंद करा, सिमचा ट्रे काढा, चार्जिंगला लावू नका. तांदळात ठेवल्याने काही होत नाही, उलट पावडर आत जाते.

पॉवर बँकेवर २०,००० लिहिलेलं असलं तरी फोनला बारा-तेरा हजारच मिळतात, म्हणजे ५,००० च्या फोनला अडीच वेळा. लाइट गेल्यावर टॉवरच्या बॅटऱ्याही काही तासांत बसतात. मग फोन सिग्नल शोधत राहतो आणि दुप्पट वेगाने उतरतो. फ्लाइट मोडवर ठेवा आणि दर तासाला पाच मिनिटं उघडा. घरात दोन वेगळ्या कंपन्यांची सिम असू द्या. कॉल लागत नसला तरी एसएमएस बऱ्याचदा जातो.

स्कूटरचं: उंचावर लावता येत नसेल आणि ती बुडाली, तर नंतर किक किंवा स्टार्टर मारायचाच नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी विमा कंपनीला कळवा, तोवर काही उघडू नका. मग ऑइल काढून बघा. दुधाळ निघालं तर पाणी आत गेलंय. गॅरेजला ढकलतच न्या.

कृष्णाकाठ_५७

चौथ्या प्रश्नाला माझं मत, कुणाला पटो न पटो.

अलमट्टीची पूर्ण पातळी आज ५१९.६० मीटर आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० साली ती ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला मान्यता दिली. या उंचीला विरोध केलाच पाहिजे, त्यात मागे हटायचं कारण नाही. पावसाळ्यात ती पातळी ५१७ च्या आसपास ठेवावी ही इथली मागणीही रास्त आहे. पण २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने सांगलीच्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही, हेही लोकांना सांगा. त्या निष्कर्षाशी भांडा, पण तो आहे.

मला राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. नकाशावरच्या पूररेषांमध्ये निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणारा. निळ्या रेषेच्या आत भराव टाकून प्लॉट पडतात, विकले जातात, त्यांना नळ आणि लाइटही मिळते. शेरी नाल्यासारखे ओढे अरुंद होतात. हे बेळगावहून कुणी येऊन केलेलं नाही. मत मागायला येणाऱ्याला अलमट्टी विचाराच, पण त्याच दमात आपल्या प्रभागातली निळी रेषा कुठून जाते तेही विचारा.

वाळवा_पाणी

निळ्या रेषेबद्दल सहमत. पण अलमट्टीला तुम्ही फार सहज सोडता. पुढचं पाणी वेळेत सुटलं नाही तर नृसिंहवाडीपासून वर सगळी नदी फुगते आणि उतार मंदावतो. समितीच्या अहवालावर इथल्या अभ्यासकांनी आक्षेप घेतलेत, तेही वाचायला हवेत.

आणि पुराचं पाणी दुष्काळी भागात वळवण्याच्या घोषणेचा हिशोब मांडा. एक लाख क्युसेक (सेकंदाला एक लाख घनफूट) वाहत असेल तर एक टीएमसी (एक अब्ज घनफूट) पाणी पावणेतीन तासांत पुढे जातं, दिवसाला साडेआठ टीएमसीच्या वर. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचे पंप पुरात चालवावेत, जतला, आटपाडीला तेवढं पाणी मिळेल, चांगलंच आहे. पण त्यामुळे सांगलीतला पूर उतरेल असं सांगणाऱ्याने हा गुणाकार करून दाखवावा. त्यापेक्षा कोयना ऑगस्टच्या सुरुवातीला किती रिकामी ठेवणार, हे जुलैतच जाहीर करा ही मागणी जास्त कामाची आहे. १०५ टीएमसीच्या धरणात दहा टीएमसी जागा शिल्लक असणं म्हणजे आपल्याला सामान हलवायला एक दिवस जास्त.

तळमजला_गावभाग

रेघ मोजली. सव्वापाच फूट. म्हणजे फरशी सव्वाबावन्न, एक फूट सोडून माझा आकडा सव्वाएक्कावन्न. दारावर लिहिला. तिसरा प्रश्न राहिलाय, आणि एक नवा: पंचनाम्यात भाडेकरूला काही मिळतं का?

वायरमन_मिरज

पाणी ओसरतानाच गाळ काढा. गुडघाभर असताना खराट्याने ढवळून त्याच पाण्याबरोबर बाहेर ढकला. एकदा वाळला की खोऱ्याने खरवडावा लागतो.

लाइट: मेन तुम्ही टाकायचा नाही. बुडालेले सगळे बोर्ड उघडून स्वच्छ पाण्याने गाळ धुवायचा आणि तसेच उघडे चार-पाच दिवस वाळू द्यायचे. पाइपातल्या वायरी सगळ्यात उशिरा वाळतात. मग वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) तपासून घ्या. एक मेगोहमच्या खाली आलं तर ती लाइन जोडायची नाही. वायरमननेच सगळे एमसीबी पाडून मेन टाकायचा, मग एकेक एमसीबी वर. बुडालेले स्विच, सॉकेट, एमसीबी बदलाच, आतली पत्ती गंजते आणि दोन महिन्यांनी जळते. तीस मिलिॲम्पियरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन पाडणारा स्विच) नसेल तर या खर्चातच बसवा. मीटर बुडाला असेल तर त्याला हात न लावता १९१२ वर कळवा.

हरिपूरची_ताई

भाडेकरूला मिळतं. घराच्या पडझडीचे पैसे मालकाचे, कपडे-भांडी-सामानाचे तिथे राहणाऱ्या कुटुंबाचे. अडचण अशी होते की पंचनाम्याला येणारे घरपट्टीच्या यादीवरून नाव लिहितात आणि भाडेकरू सुटतो. भाडेकरार, गॅसचं पुस्तक, रेशनकार्ड यांचे फोटो आत्ताच डिजिलॉकरमध्ये किंवा ड्राइव्हवर ठेवा. आधारवर गावाकडचा पत्ता असेल तर भाडेकरार नक्की लागेल.

धुवायच्या आधी प्रत्येक खोलीचा दारातून एक फोटो, आणि भिंतीवरच्या रेघेला टेप लावून एक, तारीख-वेळ दिसेल असा. पंचनाम्यावर सही करताना किती दिवस पाणी होतं तो रकाना, खातं नंबर आणि आयएफएससी वाचा, मगच सही. कागद त्यांच्या हातात असतानाच त्याचा फोटो काढून घ्या. ज्या खात्याला आधार जोडलंय तेच द्या.