दुसऱ्या भागात नाव बदललं, चौथ्यात काकाचा मामा झाला: पुनर्मुद्रणात दुरुस्ती करावी की जसंच्या तसं छापावं?

शेवटची_लोकल

पाच-सहा भागांची कल्पनारम्य मालिका मराठीत येते तेव्हा पहिल्या भागाचा अनुवादक एक, तिसऱ्याचा दुसरा, आणि मध्ये वर्षं गेलेली. समजा, नायिका पहिल्या भागात 'सारेन' आहे, दुसऱ्यात 'सॅरेन', चौथ्यात 'सेरेन'. तिचं गाव एकीकडे 'इस्मूर', दुसरीकडे 'इझमूर'. नवा वाचक ही दोन गावं धरून चालतो. त्यात त्याचं काही चुकत नाही, अशा कादंबऱ्यांच्या नकाशात सारख्या नावांची गावं खरोखरच शेजारी असतात.

माझं म्हणणं असं की पुनर्मुद्रणाच्या वेळी सगळे भाग एकत्र घेऊन नावं एकसारखी करावीत आणि कथेतल्या विसंगतीही काढाव्यात. मूळ इंग्रजीत हे झालेलं आहे. टॉल्कीन यांचं 'हॉबिट' १९३७ साली आलं तेव्हा त्यातला गॉलम हा प्राणी कोड्यांच्या पैजेवर अंगठी बक्षीस म्हणून लावायला तयार होता. पुढच्या मोठ्या कथेत, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये, तीच अंगठी कुणालाही सोडवत नाही. म्हणून त्यांनी ते प्रकरण बदललं आणि १९५१ च्या आवृत्तीपासून बदललेलंच छापलं जातं. हॅरी पॉटरच्या पहिल्या भागातलं निकचं भूत जवळजवळ चारशे वर्षं जेवलेलं नसतं. दुसऱ्या भागात मात्र त्याच्या पाचशेव्या मृत्युदिनाच्या केकवर १४९२ साल आहे. नंतरच्या आवृत्त्यांत चारशेचे पाचशे केले. यात कुणाचं काय बिघडलं?

पोटमाळा

नावांबद्दल सहमत, विसंगतीबद्दल अजिबात नाही.

'हॉबिट'चं तुम्ही अर्धंच सांगितलंत. टॉल्कीन यांनी जुनी हकिकत पुसून टाकली नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या सुरुवातीच्या प्रकरणात ते सांगतात की ती 'हॉबिट'चा नायक बिल्बो याने स्वतः रचलेली होती, अंगठीवरचा आपला हक्क खरा वाटावा म्हणून. म्हणजे विसंगतीच कथेच्या कामी आली. हे लेखकाने केलं, लेखकच करू शकतो. अनुवादकाला किंवा मुद्रितशोधकाला तो अधिकार नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी आपल्या मालिकेत एका भागातली घोडी दुसऱ्यात घोडा झाल्याचं स्वतः मान्य केलं आहे. अशा जागी मराठीतही पहिल्यांदा घोडी आणि नंतर घोडाच छापला पाहिजे.

उत्साही दुरुस्ती काय करते त्याचं उदाहरणही तिथलंच. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' पहिल्यांदा छापताना छापखान्याने लेखकाची 'ड्वार्व्हज', 'एल्व्हन' ही रूपं चूक समजून शब्दकोशातली 'ड्वार्फ्स', 'एल्फिन' घातली. लेखकाला ती परत बदलून घ्यावी लागली.

खिळेजुळारी

तत्त्वाचं तुम्ही ठरवा. नुसती नावं एकसारखी करायला काय लागतं ते मी मांडतो, कारण निम्मी गडबड दुरुस्ती करतानाच होते.

सगळ्यात आधी टंकलेखन बघा. पडद्यावर 'ॲ' दिसतो तो तीन प्रकारांनी टाइप झालेला असू शकतो: एकच अक्षर 'ॲ' (युनिकोड क्रमांक यू+०९७२), 'अ'वर वेगळा चंद्र, किंवा हिंदी कळफलकावरचा 'ऍ' (यू+०९०D). संगणकाच्या लेखी ही तीन वेगळी नावं. एक शोधलं तर बाकीची दोन सापडत नाहीत. 'ऱ्य'चंही तेच: कुठे 'ऱ' आणि हलन्त, कुठे 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधून रूपांतर केलेल्या फाइलमध्ये हे सगळं मिसळलेलं असतं. म्हणून शोध घेण्याआधी पूर्ण फाइलमध्ये एकच रूप करून घ्या. हा टप्पा गाळला तर पुढची मेहनत फुकट.

मग विभक्ती. 'इस्मूर'ला 'नागपूर'सारखं चालवलं तर 'इस्मूरला' पण 'इस्मुरात'. दोन्ही बरोबर. नवखा शोधक 'इस्मुरात' चूक समजून 'इस्मूरात' करतो, किंवा त्याहून वाईट, 'इस्मुर' हे मूळ नाव धरतो. त्यामुळे पूर्ण नाव शोधू नका, न बदलणारा तुकडा शोधा. 'इस्म' शोधा, 'इझम' शोधा, आणि प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहा.

'सगळीकडे बदला' हे बटण वापरूच नका. एखादं पात्र 'सारा' असेल आणि त्याचं 'सॅरा' करायला गेलात तर 'सारांश'चा 'सॅरांश' होतो आणि 'सारा गाव जमला'चा 'सॅरा गाव जमला'. 'फक्त पूर्ण शब्द' निवडलं तर 'सारांश' वाचतो, पण 'साराला', 'साराचा' राहून जातात आणि 'सारा गाव' तरीही बिघडतो.

नामसूचीत किमान एवढे रकाने हवेत: मूळ नाव, ठरवलेलं मराठी लेखन, लिंग, सामान्यरूप, पहिल्यांदा येतं तो भाग आणि पान. लिंगाचा रकाना लोक विसरतात. एका भागात नदी 'ती' आणि दुसऱ्यात नद 'तो' असेल, तर नाव बदलून भागत नाही, आजूबाजूची विशेषणं आणि क्रियापदंही बदलावी लागतात. ते काम हातानेच होतं.

शुक्लपक्ष

पोटमाळा, लेखकाच्या अधिकाराबद्दल मान्य. पण साधी चूक आणि कथेचा भाग यांत फरक करा ना.

चंद्राचं घ्या. शुक्ल द्वितीयेची कोर सूर्यास्तानंतर पश्चिमेला थोडा वेळ दिसते आणि मावळते. मध्यरात्री डोक्यावर चंद्र हवा असेल तर पौर्णिमेच्या आसपासचीच तिथी लागते. मध्यरात्री उगवणारा चंद्र कृष्ण अष्टमीच्या जवळचा. कादंबरीत पहारेकरी मध्यरात्री माथ्यावर कोवळी कोर बघत असेल, तर ती सरळ चूक आहे. त्या जगाला दोन चंद्र असतील, महिना चाळीस दिवसांचा असेल, तर तसं लिहा आणि मग तोच हिशेब पाळा. टॉल्कीन यांनी चंद्राच्या कला जुळवण्यासाठी आधीचा मजकूर बदलला होता.

प्रवासाचंही तसंच. सामानसुमान घेतलेलं पायदळ दिवसाला साधारण २० किलोमीटर जातं, घोडेस्वार रोज ४०-५० च्या पुढे फार दिवस टिकत नाही. जाताना नऊ दिवस लागलेली फौज काही कारण न देता चार दिवसांत परतली, की वेढ्याच्या तारखांवर बेतलेलं पूर्ण कथानक हलतं. मूळ लेखिका किंवा लेखक हयात असेल तर प्रकाशकामार्फत विचारून दुरुस्त करावं. एवढं तर करता येतं.

फणसवाडी

तुम्ही सगळे मूळ पुस्तकातल्या विसंगतींवर भांडताय. मराठीत जास्त आहेत त्या अनुवादात जन्माला आलेल्या.

इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. मराठीत पहिल्या वाक्यापासून तू, तुम्ही, आपण यातलं एक निवडावं लागतं. पहिल्या भागात सारेन सेनापतीला 'अरे, ऐक' म्हणते आणि तिसऱ्यात दुसरा अनुवादक तिच्या तोंडी 'आपण ऐकावं' घालतो. मराठी वाचकाला वाटतं, मधल्या काळात यांचं काहीतरी बिनसलं. तो मागची पानं चाळतो. तिथे काहीच नसतं. लेखकाने हे लिहिलेलंच नाही, त्यामुळे ते जपायचं कारण नाही. खिळेजुळारींच्या यादीला एक वेगळा तक्ता जोडा: कोण कुणाला काय म्हणतं, आणि कोणत्या प्रसंगापासून ते बदलतं.

नात्यांचं तर याहून अवघड. 'अंकल' म्हणजे काका, मामा, की आत्याचा नवरा? पहिल्या भागात 'काका' लिहून टाकलं आणि चौथ्या भागात कळलं की तो आईचा भाऊ. ही दुरुस्ती पहिल्या भागात करायलाच हवी.

पोटमाळा

संबोधनाबद्दल पटलं. जे मराठीत निर्माण झालं ते मराठीतच निस्तरावं.

काका-मामाबद्दल मात्र थांबा. तो आईचा भाऊ आहे हे लेखकाने चौथ्या भागापर्यंत लपवलं असेल, आणि तुम्ही पहिल्या भागाच्या पुनर्मुद्रणात 'मामा' केलंत, तर पहिल्याच पानावर रहस्य फुटलं. शुद्ध झालं आणि कादंबरी मेली. तिथे नात्याचा शब्दच काढून नाव घालावं लागेल. समजा त्याचं नाव ऑर्विन, तर 'काका आले'च्या जागी 'ऑर्विन आले'. पुरेसं आहे.

शुक्लपक्ष, तुमच्या चंद्राची दुरुस्ती लेखकाने करून दिली तर माझी हरकत नाही. मराठी संपादकाने स्वतः केली तर आहे. 'हॅरी पॉटर'च्या चौथ्या भागात कांडीतून तिने मारलेल्यांच्या सावल्या उलट्या क्रमाने, शेवटी मेलेला आधी, अशा बाहेर येतात. सुरुवातीच्या छपाईत तो क्रम चुकला होता: हॅरीची आई वडिलांनंतर मेलेली, तरी तिच्याआधी वडील आले. नंतर तो बदलला. बदल होईपर्यंत वाचक त्या क्रमातून अर्थ काढत राहिले. लेखिकेच्या मनात काय होतं हे बाहेरच्या कुणाला ठरवता आलं नसतं.

शेवटची_लोकल

म्हणजे तीन ढीग झाले: नावांचं लेखन, अनुवादाने आणलेली विसंगती, लेखकाची विसंगती. पहिल्या दोन्हीवर आपण एकत्र आहोत. तिसऱ्यावर मी अजून तिथेच आहे: लेखकाच्या मूळ आवृत्तीत दुरुस्ती झालेली असेल, तर मराठीत ती आलीच पाहिजे. निकचे चारशे आता मराठीत चारशे ठेवणं म्हणजे लेखिकेच्या शब्दाविरुद्ध जाणं.

एक गोष्ट मुंबईच्या वाचकासाठी. बरेच जण सुटे भाग गोळा करतात. पहिला भाग ग्रंथालयाची जुनी प्रत, दुसरा फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून, तिसरा नवीन. नव्या आवृत्तीत सगळं एकसारखं केलंत तरी त्यांच्या हातात 'सारेन' आणि 'सेरेन' दोन्ही राहणार. म्हणून प्रत्येक नव्या भागात शुद्धिपत्र हवं: जुनं रूप, नवं रूप, भाग, आवृत्ती, पान.

खिळेजुळारी

शुद्धिपत्र द्या, पण सुरुवातीला नको, शेवटच्या पानानंतर. आणि पान क्रमांक जुन्या आवृत्तीचे द्या. नव्या मजकुरात एखादी ओळ वाढली की पुढची पानं सरकतात आणि सोळा पानांच्या फर्म्याचा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा) हिशेब बदलतो. त्या यादीत फक्त त्या भागापर्यंत आलेली नावं असावीत. पहिल्या भागाच्या शुद्धिपत्रात ऑर्विनची ओळ टाकूच नका, ती चौथ्या भागाच्या शेवटी जाईल.