आत्मिक वाढ: आपले प्रयत्न आणि देवावरचा भरवसा

प्रश्न: एक बहीण, जालना

प्रभूच्या नावाने सर्वांना सलाम. माझी आजी रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेल्या बेथेलची, त्यामुळे वचन लहानपणापासून कानावर आहे. दृढीकरण, म्हणजे मंडळीपुढे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी, होऊन १४ वर्षे झाली. मी पहाटे शास्त्र वाचते, शुक्रवारी उपास करते, तरीही राग आवरत नाही. वर्षभरापासून रोज रात्री दिवसातल्या चुका वहीत लिहून त्यांपुढे लाल फुली करते. पाने भरत गेली, पण फुल्या कमी झाल्या नाहीत. गेल्या आठवड्यात उपासाच्याच दिवशी पाण्याच्या टँकरपाशी जाऊबाईंना सगळ्या गल्लीसमोर टाकून बोलले आणि त्या रात्री वही उघडण्याचेही धैर्य झाले नाही. वाढवणारा देव आहे, असे पौल १ करिंथ ३:७ मध्ये लिहितो. मग देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे हे सर्व सोडून स्वस्थ बसायचे का?

उत्तर १: एक शेतकरी, अंबड तालुका

ताई, मार्क ४:२६-२९ पुन्हा वाचावे. हा दृष्टान्त केवळ मार्काच्याच शुभवर्तमानात आहे. त्यातला माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसे वाढते ते त्याला कळत नाही. आपल्याकडची कोरडवाहू रब्बी ज्वारी अशीच आहे. पेरणीच्या वेळी पाऊस जवळपास सरलेला असतो, आणि पुढे हुरड्यापर्यंत पीक उभे राहते ते काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर. ती ओल कोणा शेतकऱ्याने आणलेली नसते. तरीही आम्ही कोळपे, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती हलवायचे औत, धरतो, कारण काळी जमीन वाळली की तिला भेगा पडतात आणि त्यांतून ओल उडून जाते. कोळपणीने वरची माती भुसभुशीत होऊन त्या भेगा बुजतात. कोळप्याने पाण्याचा एक थेंबही तयार होत नाही, पण असलेली ओल टिकते. आपले पहाटेचे वाचन आणि उपास मला या कोळपणीसारखे वाटतात, म्हणून ते सोडू नयेत.

वहीचे मात्र वेगळे आहे. लहानपणी मी पेरलेल्या तासातले दाणे रोज उकरून मोड आले का ते पाहत असे. वडिलांनी हात धरला तोवर उशीर झाला होता. त्या तासात नांग्या, म्हणजे रोप न उगवलेल्या मोकळ्या जागा, पडल्याच.

उत्तर २: शब्बाथ शाळेची शिक्षिका, छत्रपती संभाजीनगर

दादांचे म्हणणे मला पटते, परंतु ज्वारीला नकार देता येत नाही आणि माणसाला येतो, एवढे त्यात सुटले आहे. फिलिप्पै २:१२ मध्ये पौल भीत व कापत आपले तारण साधून घ्यायला सांगतो, आणि लगेच १३ व्या वचनात त्याचे कारण देतो की इच्छा आणि कृती ही दोन्ही आपल्या ठायी देवच घडवून आणतो. टँकरपाशी झालेल्या प्रसंगाची टोचणी आपल्याला आठवडाभर लागून राहिली आहे, ती कोठून आली असे वाटते? मला ते देवाचेच काम वाटते, आणि जाऊबाईंकडे जाऊन क्षमा मागणे हा त्याला आपण दिलेला होकार ठरेल.

१४ वर्षे वाया गेली, असेही मानू नये. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, हे ८ वर्षांनी उमगल्याचे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याच मधल्या काळात, १८८९ मध्ये, त्यांच्या हातून विधवांसाठीचे शारदा सदन उभे राहिले होते.

प्रश्नकर्ती, जालना

दोघांचीही मनापासून आभारी आहे. मी आजवर फुल्याच मोजत राहिले, आणि ती टोचणी देवाकडून असेल हे कधी मनातही आले नाही. वही कपाटात ठेवून दिली आहे. उद्या टँकर येण्याच्या आधीच जाऊबाईंच्या घरी जाणार आहे. त्या दार उघडतील की नाही, हे सांगता येत नाही. कृपया सकाळच्या प्रार्थनेत आम्हा दोघींची आठवण ठेवावी.