लडाखच्या बाईक ट्रिपला सिगार न्यायच्या आहेत, सुकू नयेत म्हणून काय करता?

घाटमाथा
नमस्कार मंडळी. जुलैच्या शेवटी आम्ही चौघं मनालीहून लेहला बाईकवर जातोय, पुढे नुब्रा, पँगाँग आणि परतीला श्रीनगर. मित्राच्या मोठ्या भावाने निकाराग्वाच्या हाताने वळलेल्या रोबुस्टो (आखूड, जाडसर सिगार) दिल्यात, डझनभर आहेत, सगळ्या सेलोफेनमध्ये. सध्या माझ्याकडे लाकडी ह्युमिडॉरमध्ये (ओल टिकवणारी पेटी) ६८-६९ टक्के आर्द्रतेवर व्यवस्थित आहेत. पुण्यात पावसाळ्यात काही टेन्शन नाही हो, पण अटल टनेल ओलांडून लाहौलला उतरलं की पाऊस मागे राहतो आणि हवा एकदम कोरडी, दोन दिवसांत ओठ फुटतात तिथे तंबाखूच्या पानाचं काय होणार. त्यात दिवसा ऊन चटके देणार, रात्री वाटेतल्या सरचूच्या मुक्कामाला कडाक्याची थंडी, आणि बॅगेत दिवसभर हादरे. लाकडी पेटी नेणं शक्यच नाही. एक जण म्हणतो ओला स्पंज ठेव, दुसरा म्हणतो सफरचंदाची फोड, तिसरा म्हणतो ॲल्युमिनियमच्या ट्यूबमध्ये टाक आणि विसरून जा. बाहेरचा तो महागडा ट्रॅव्हल ह्युमिडॉर घ्यावाच लागतो का घरातला एअरटाइट डबा चालेल? ज्यांनी खरंच नेल्यात त्यांनी सांगा प्लीज, भेट आलेल्या आहेत, वाया घालवायच्या नाहीत.

तंबाखूचं_पान
दादा, सगळ्यात आधी ते सफरचंद आणि स्पंज डोक्यातून काढा. बाहेर कोरडं म्हणून आत पाणी घालायचं असं सगळ्यांना वाटतं, पण पाणी आधीच सिगारमध्ये आहे. एक रोबुस्टो साधारण बारा-पंधरा ग्रॅमची, त्यात दीड-दोन ग्रॅम पाणी. आणि लिटरभराच्या डब्यातल्या हवेत २५ अंशाला ६५ टक्के आर्द्रता धरली तरी वाफ किती, तर १५ मिलिग्रॅम. म्हणजे डबा नीट बंद असेल तर आतली हवा सिगारच सांभाळतात, त्यांच्यासाठी ते काहीच काम नाही. तुमचं काम एवढंच की ती हवा बदलू द्यायची नाही आणि डबा तापू द्यायचा नाही. लडाखमध्ये ज्यांच्या सिगार वाळतात त्यांच्या डब्यात पाणी कमी नसतं, ते दर हॉल्टला डबा उघडून बघत बसतात.

म्हणून डबा लहान घ्या, बारा सिगार आत गच्च बसतील एवढाच. रिकामी जागा जितकी जास्त तितकी दरवेळी उघडल्यावर नवी कोरडी हवा जास्त शिरते, आणि सिगार आत गडगडत राहिल्या तर पेटवायच्या बाजूचं उघडं टोक आधी चिरतं. सेलोफेन काढू नका, प्रवासात रॅपरला (सिगारचं सगळ्यात बाहेरचं पान) घासण्यापासून तेच वाचवतं.

आता पॅक. दोन्ही बाजूंनी काम करणारे मिठाच्या द्रावणाचे पॅक मिळतात, बोवेडा वगैरे, कमी झालं तर वाफ सोडतात जास्त झालं तर ओढून घेतात. ६० ग्रॅमचा एक पॅक पंचवीस सिगारपर्यंत पुरतो, तुम्हाला एक बास झाला. पण पॅकवरचा आर्द्रतेचा आकडा ६९ चा घेऊ नका, ६५ किंवा ६२ चा घ्या. घरी खोलीत बसून ओढायला ६९ ठीक असेल, पण पंधरा हजार फुटांवर हवा विरळ, सिगार सारखी विझते, त्यात ती ओलसर असेल तर एका बाजूनेच जळत जाते आणि परत परत पेटवून चव पार कडू होते. निघायच्या दोन-तीन आठवडे आधीच त्या सिगार ६५ च्या पॅकसोबत डब्यात भरून ठेवा, म्हणजे सावकाश खाली येतील. आदल्या रात्री भरलं तर उपयोग नाही, पानातली ओल फार हळू बदलते.

स्पंजचं का नको तेही सांगतो. ओल्या स्पंजने बंद डब्यात आर्द्रता सहज ९० च्या घरात जाते. अशा हवेचं तापमान नुसतं दोन अंशांनी उतरलं तरी दव पडतं. सरचूच्या रात्रीत वीस अंशांचा फरक. सकाळी झाकणाच्या आतून थेंब लोंबत असतात आणि ते थेट रॅपरवर पडतात, डाग पडतो, पुढे बुरशी. सफरचंदाला तर बुरशी स्वतःलाच आधी येते. सिलिका जेलही नको, ते फक्त ओढतं, परत देत नाही.

कोकणी_पाऊसवेडा
वरच्या भावाशी शंभर टक्के सहमत. डब्याबद्दल विचारलंत म्हणून लिहितो, महाग काही लागत नाही. झाकणाला चारी बाजूंनी क्लिप आणि आत सिलिकॉनची रिंग असलेला डबा घ्या, स्टीलचा साधा फिरकीचा डबा नको, तो हवाबंद नसतो. आणि नवाकोरा घ्या, घरात ज्यात मसाला, लोणचं, मेतकूट काहीही राहिलंय तो कितीही घासला तरी वास सोडत नाही आणि तंबाखू वास लगेच धरतो. नव्या प्लास्टिकलाही वास असतो, धुऊन चार-पाच दिवस उघडा ठेवा, आत सिडारच्या लाकडाची एखादी पट्टी टाका (सिगारच्या लाकडी खोक्यात पातळ पापुद्रे येतात तेच).

मग टेस्ट. आत कोरडा टिश्यू पेपर ठेवून डबा बंद करायचा, बादलीत पूर्ण बुडवून वर वजन ठेवायचं, दहा मिनिटांनी काढून बाहेरून पुसून उघडायचा. टिश्यूचा एक कोपरा जरी ओला झाला तरी तो डबा बाद. आमच्याकडे रत्नागिरी साइडला प्रश्न उलटा, जून ते सप्टेंबर बाहेर ९० टक्के, तिथे डबा उघडा राहिला की सिगार फुगते, ओढताना धूरच येत नाही. तिथेही हाच डबा आणि ६२ चा पॅक, फक्त काम उलट्या दिशेने. पॅक फुगून टम्म झाला की समजायचं त्याची ओढायची ताकद संपली, आणि आतून खडखडीत कडक लागला की देण्यासारखं काही उरलं नाही.

लेहच्या वाटेवरच्या मोरे प्लेन्स पठारावरच्या धुळीचं एक लक्षात ठेवा. ती पिठासारखी बारीक असते आणि सिलिकॉनच्या रिंगवर जाऊन बसते, मग झाकण बंद दिसतं पण बंद नसतं. डबा उघडायच्या आधी बाहेरून पुसा आणि लावायच्या आधी रिंगवरून बोट फिरवा, खरखर लागली तर ओल्या रुमालाने पुसून कोरडी करा. डबा झिपलॉकमध्ये घालून ठेवला तर निम्मा त्रास वाचतो.

फिनिक्सकर
मी ॲरिझोनात असतो, इथे मे-जूनमध्ये दुपारी आर्द्रता दहा टक्क्यांच्या खालीही जाते, त्यामुळे कोरड्या हवेचा रोजचाच संबंध. माझं मत असं की उष्णता जास्त घातक. उन्हात बंद गाडी ६० अंशांच्या पुढे जाते, त्यात डबा राहिला तर कितीही चांगला पॅक असू दे, पान भाजून निघतं, तेल निघून जातं, मग नंतर आर्द्रता परत आणली तरी चव येत नाही. बाईकवर तेच काम सायलेन्सर करतो. सॅडलबॅगची सायलेन्सरकडची बाजू हात लावून बघा दोन तास चालवल्यावर, कळेल. डबा दुसऱ्या बाजूच्या बॅगेत, मधोमध, खाली-वर कपडे, डाऊन जॅकेटमध्ये गुंडाळलात तर उत्तम कारण ते जॅकेट दिवसा तसंही बॅगेतच असतं आणि हादरेही तेच खातं. काळ्या टॉप बॉक्समध्ये वरच्या बाजूला अजिबात नको. रात्री डबा बाईकवर सोडू नका, तंबूत आत घ्या, जमिनीला न टेकवता.

अजून एक, किडा. तंबाखूचा भुंगेरा म्हणतात, लॅसिओडर्मा. अंडी पानात आधीपासून असू शकतात, २२-२४ अंशांच्या वर बराच वेळ राहिलं की फुटायला लागतात आणि रॅपरला टाचणीएवढी भोकं पडतात. एका सिगारला लागला की डब्यातल्या बाकीच्यांना लागतो. सिगार कुठून कशा आल्यात माहीत नसेल तर निघायच्या महिनाभर आधी झिपलॉकमध्ये हवा काढून बंद करा, एक दिवस फ्रिजमध्ये, मग तीन दिवस डीप फ्रीजरला, परत एक दिवस फ्रिजमध्ये आणि मग बाहेर. थेट बाहेर काढल्या तर रॅपर तडकतो. त्या पिशवीत पॅक ठेवायचा नाही.

डॉक्टर_मिरज
मध्ये बोलतोय, राग मानू नका. सिगार सांभाळायचं सगळं झालं, माणूस सांभाळायचंही बघा. लेह ३,५०० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो, म्हणजे आधीच कमी असलेल्या ऑक्सिजनमधला अजून वाटा जातो. मनालीहून दोन दिवसांत वर चढताय, वाटेत बारालाचा आणि तंगलांग ला या उंच खिंडी, त्या टप्प्यात आणि लेहला पोचल्यावरचे पहिले दोन दिवस तंबाखू पूर्ण बंद ठेवा. डोकं दुखतंय, मळमळतंय, झोप नाही अशी कुणाची अवस्था असेल तर त्याच्या शेजारी बसूनही कुणी ओढू नका. तंबूच्या आत तर कधीच नाही, धूर तोंडात धरून सोडला तरी बंद जागेत तो फुप्फुसात जातोच. खारदुंग ला ५,३५९ मीटर, तिथे फोटो काढा आणि खाली उतरा. ओढायचीच असेल तर नुब्रातल्या हुंदरला, ते साधारण ३,१०० मीटर, शरीर सरावलेलं असतं तेव्हा. पँगाँग ४,२०० च्या वर आहे, तिथे मी नाहीच म्हणेन.

चेन्नईतला_मराठी
एवढा व्याप नको असेल तर दुसराही रस्ता आहे. सगळ्याच सिगारना ह्युमिडॉर लागत नाही. आमच्याकडे तिरुची, दिंडिगलचे चिरूट वर्षानुवर्षं कोरडेच विकले जातात, एकोणिसाव्या शतकात हेच तिरुचीचे चिरूट इंग्लंडपर्यंत जायचे ते काही पॅक लावून नाही. डच पद्धतीच्या छोट्या सिगार आणि इटलीच्या टोस्कानो, यांनाही असलं पथ्य नाही. रोबुस्टो चारच न्या, एकेक जणाला एक, बाकीच्या घरी ह्युमिडॉरमध्ये राहू द्या. ॲल्युमिनियमची ट्यूब फार तर एक-दोन दिवसांसाठी ठीक, बहुतेकांची टोपी हवाबंद नसते.

घाटमाथा
मंडळी मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. डॉक्टरसाहेब, तुमचं ऐकतो, हुंदरलाच काढू, आणि चेन्नईच्या दादांचं पटलं म्हणून बाराऐवजी सहाच नेतो, म्हणजे डबाही छोटा लागेल. दोन प्रश्न राहिले. वर गेल्यावर डबा फुगतो का, चिप्सची पाकिटं तिथे टम्म होतात ती बघितलीत म्हणून विचारतो. आणि लायटर कुठला नेऊ, माझ्याकडे जेट आहे. आमच्यातला एक जण ट्रेकलाही नेऊ म्हणतोय, राजमाची वगैरे, तेव्हाही हाच डबा ना?

गडवाट
ट्रेकचं मी सांगतो आणि स्पष्ट सांगतो. गडावर नको. २०२५ मध्ये आपले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले, पण यादीत असो नसो, गड ही ओढायची जागा नाही. आणि दिवाळीनंतर गवत वाळतं, फेब्रुवारीपासून जूनपर्यंत सह्याद्रीत वणवे लागतात, कुणीतरी टाकलेलं एक थोटूक पुरतं, आम्ही दर वर्षी फांद्या घेऊन विझवायला जातो, डोंगरच्या डोंगर काळे होतात, पक्ष्यांची घरटी, नवी लावलेली रोपं सगळं जातं. पायथ्याच्या गावात मुक्कामाला असाल, यजमानांची हरकत नसेल, तर अंगणात, मातीच्या मोकळ्या जागेत. लडाखमध्येही थोटूक आणि सिगारवरची कागदी पट्टी झाकणाच्या डबीत घालून परत आणा, तिथे काही कुजत नाही, वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं.

फिनिक्सकर
गडवाट यांना अनुमोदन. इथे वणव्याचे निर्बंध लागले की फॉरेस्टमध्ये ओढायला बंद गाडी, नाहीतर आखून दिलेला कॅम्प, नाहीतर किमान ३ फूट व्यासाची पूर्ण साफ केलेली जागा लागते, चालता चालता तर नाहीच. ३ फुटांचा नियम स्वतःहून पाळायला काय हरकत आहे कुठेही.

तंबाखूचं_पान
दाबाचं बरोबर ओळखलंत. वर जाताना आतली हवा बाहेर ढकलते, डबा कडक असेल तर फार काही होत नाही, थोडी हवा रिंगमधून निसटते. उलटं खाली येताना होतं, लेहला बंद केलेला डबा श्रीनगरला उघडता उघडत नाही, कारण आत दाब कमी. सुरीने झाकण उचकटू नका, रिंग फाटते. एक कोपरा नखाने हळू उचला, फुस्स आवाज येईल, मग उघडेल. पेलिकन कंपनीच्या कडक पेट्यांसारख्या केसना त्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह असतो, पण सहा सिगारसाठी तेवढा खर्च करू नका.

जेट लायटर घरी ठेवा. उंचीवर गॅस आणि हवेचं प्रमाण बिघडतं, नुसता टकटक करतो आणि पेटत नाही, आणि थंडीत ब्युटेन शून्याच्या आसपास वायू होईनासाच होतो. साधा पिवळ्या ज्योतीचा लायटर खिशात, जॅकेटच्या आत अंगाशी ठेवा, आणि सोबत दोन काडेपेट्या झिपलॉकमध्ये. काडी पेटवल्यावर गंधक जळून जाऊ द्या, मग सिगारजवळ न्या. सिडारची पट्टी असेल तर काडीने ती पेटवून तिच्यावर सिगार पेटवा, वाऱ्यात हेच सगळ्यात सोपं. तुमच्यातलं कुणी लेहहून विमानाने परतणार असेल तर लायटर आणि काड्या बाईकवाल्यांकडे द्या, केबिन बॅगेतही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. सिगार मात्र नेता येतात.