मदत हवी आहे: पोलंडमधल्या लाकडी चर्चचे देणगीदार शोधायचेत

नमस्कार मंडळी, मी सध्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात असते, मागच्या रविवारी जवळच्या श्विद्नित्सा गावातलं 'शांतीचं चर्च' बघून आले आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. बाहेरून अगदी साधं, एखाद्या मोठ्या कोठारासारखं, आणि आत गेलं की सगळीकडे सोनेरी बरोक काम, रंगवलेलं छत, सज्ज्यांवर सज्जे! युरोपातलं तीस वर्षांचं धर्मयुद्ध संपवणाऱ्या १६४८ च्या तहानंतर, तेव्हा या भागावर राज्य करणाऱ्या कॅथलिक हॅब्सबर्ग सम्राटाने प्रोटेस्टंट लोकांना परवानगी दिली पण अटी कसल्या तर गावकुसाबाहेर बांधा, दगडविटा नाही, फक्त लाकूड, माती, पेंढा, मनोरा नाही, घंटा नाही आणि वर्षभरात पुरं करा. तरी त्यांनी १६५६-५७ मध्ये उभं केलं आणि ते आजही टिकून आहे, मला तर भरूनच आलं.

आता मुद्दा. वास्तुरचना आल्ब्रेख्त फॉन झेबिशची, मोठे आश्रयदाते होखबर्ग घराणं, त्यांचा खास सज्जा अजून आहे, इथवर कळलं. पण मला बाकीच्यांचा माग काढायचाय, सज्ज्यांवर इतर घराण्यांची चिन्हं आणि कारागिरांच्या संघांची चित्रं आहेत ना, त्यांनी कोणी काय दिलं ते. कुरेंट, म्हणजे जुनी जर्मन हस्ताक्षराची लिपी (तेव्हा इथे जर्मन चालायची), वाचता येणारं कोणी आहे का इथे? आणि चर्चच्या किंवा व्रोत्सवाफच्या सरकारी दप्तरखान्यात कोणी काम केलंय का, आधी कुठली वही मागायची, देणग्यांचे हिशोब की बाकांच्या भाड्याच्या नोंदी? फोटो आहेत माझ्याकडे, लगेच पाठवते.