मदत हवी आहे: गॅलेनची ‘छिद्रे’ आणि एका विद्यार्थिनीचा प्रश्न

नमस्कार. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. रक्ताभिसरणाच्या पाठाला जोडून ग्रीक वैद्य गॅलेन याच्यावर एक तास घेतला आणि तिथेच अडलो आहे. शरीररचनाशास्त्राच्या जाणकारांनी कृपया मदत करावी.

गॅलेनच्या मते रक्त यकृतात तयार होते आणि त्यातील काही अंश हृदयाच्या उजव्या जवनिकेतून (खालच्या कप्प्यातून) मधल्या पडद्याच्या छिद्रांवाटे डाव्या जवनिकेत झिरपतो. हा माणूस पोथीपंडित नव्हता. धमनी दोन ठिकाणी बांधून मधला भाग चिरून, तिच्यात हवा नसून रक्तच असते, हे त्यानेच दाखवले होते. छिद्रांविषयी मात्र तो लिहितो की ती तोंडाशी रुंद व आत निमुळती होत जाणाऱ्या खळग्यांसारखी असतात आणि त्यांची टोके दिसत नाहीत, कारण ती अतिसूक्ष्म असतात, शिवाय प्राणी मेल्यावर सगळे अवयव गार पडून आक्रसतात.

मी मटणाच्या दुकानातून बकऱ्याचे हृदय आणून वर्गात उभे चिरले. उजव्या बाजूने पडद्यावर, मांसल दोऱ्यांच्या जाळीत, खळगे खरोखरच दिसले! त्यांत विणकामाची बारीक सुई घालून पाहिली; ती दरवेळी थोडे आत जाऊन अडली. मी विजयी मुद्रेने वर पाहिले, तर एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, पण हे हृदय मेलेलंच आहे ना?”

तेराव्या शतकात अरब वैद्य इब्न अल-नफीसने ही छिद्रे साफ नाकारली. शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसेलियसने १५४३ मध्ये, न दिसणाऱ्या वाटांनी रक्त झिरपवणाऱ्या विधात्याच्या करणीचे नवल वाटते, असा तिरकस शेरा मारला आणि १५५५ च्या आवृत्तीत शंका उघड मांडली. परंतु मेलेल्या हृदयाचा दाखला देऊन त्या विद्यार्थिनीचे समाधान होणार नाही. इंग्रज वैद्य हार्वीचा (१६२८) दंडाला पट्टी बांधण्याचा प्रयोग वर्गात सहज होतो, पण त्यातून शिरांच्या झडपा कळतात, पडदा नव्हे.

माझ्या मनात आहे ते असे, की निरोगी हृदयाची आणि जन्मतः पडद्याला छिद्र असलेल्या हृदयाची रंगीत इको (हृदयाची सोनोग्राफी) चित्रफीत शेजारी शेजारी दाखवावी. नववीच्या मुलांना त्यातले लाल-निळे रंग शुद्ध-अशुद्ध रक्ताचे वाटतील, ही माझी भीती आहे. ते रंग प्रवाहाची दिशा दाखवतात हे थोडक्यात कसे सांगावे? आणि त्या खळग्यांना मराठीत रूढ शब्द आहे का?