कास्टिंग करताना देशाचं नाव घ्यायचं की नाही?

कॉमेंट्री_कट्टा:
हौशी कास्टर, म्हणजे ऑनलाइन गेमच्या मॅचेसचा समालोचक आहे. काउंटर-स्ट्राइक (पाच विरुद्ध पाच, गोळीबाराचा गेम) आणि डोटा (पाच-पाच हीरोंचा डावपेची गेम) यांच्या मॅचेस मराठीतून कास्ट करतो. ऐकणारे मूठभर, पण तोंडाने एकेक तिखट. मागच्या स्ट्रीमला एका टीमने स्मोक नाही, फ्लॅश नाही (धूर करणारे आणि डोळे दिपवणारे ग्रेनेड), पाचच्या पाच जण थेट बी साइटवर (बॉम्ब लावायच्या दोन जागांपैकी एक) घुसवले आणि मी बोलून गेलो, "ही खास रशियन पद्धत, आधी घुसायचं, मग बघायचं." अर्धी चॅट हसली. उरलेल्या अर्ध्या चॅटने माझी शाळा घेतली, खेळाला देश कशाला चिकटवतोस म्हणून.

मला त्यांचं म्हणणं अजून पटलेलं नाही. शैली असतेच की! कोरियन म्हटलं की शिस्त, चायनीज म्हटलं की संयम, ब्राझील म्हटलं की जोश, अमेरिकन म्हटलं की ऐन वेळी कच खाणार. मोठमोठे इंग्लिश कास्टर हे सर्रास बोलतात आणि दोन शब्दांत प्रेक्षकासमोर चित्र उभं राहतं. मग जीभ मीच का आवरायची?

दुसरं असंच विचारून ठेवतो. एखाद्या खेळाडूला 'चोकर', म्हणजे ऐन वेळी ढेपाळणारा, म्हणायचं तर त्याने किती फायनल घालवलेल्या असाव्यात? आणि नंतर जिंकला तर तो शिक्का पुसायचा कधी?

हेडशॉट_हरी:
अरे, एवढं काय मनावर घेतोस. लोक टाइमपासला येतात, प्रबंध ऐकायला नाही. बिनधास्त बोल. ज्याला टोचेल तो आवाज बंद करेल.

डेमोबाबा:
शैली असते, मान्य. पण ती देशाची असते हे कुणी सांगितलं?

तुझ्याच यादीतला चायनीज संयम घे. डोटामध्ये चायनीज टीमची जुनी ख्याती अशी की शांतपणे फार्म करणार (सोनं जमवत राहणार), चूक करणार नाहीत आणि लेट गेमला, म्हणजे शेवटच्या टप्प्यात, गळा आवळणार. आता लीग ऑफ लेजेंड्सकडे ये, डोटासारखाच गेम. तिथे चायनीज लीगची ख्याती बरोब्बर उलटी. समोर कुणी दिसला की भिडायचं, ड्रॅगन राहू दे, टॉवर राहू दे, आधी मारामारी. २०१८ ची वर्ल्ड्स, म्हणजे त्या गेमची जागतिक स्पर्धा, चीनच्या इनव्हिक्टस गेमिंगने जिंकली ती अशीच, फायनलमध्ये फ्नॅटिकला ३-० धुऊन. त्यात गंमत म्हणजे त्या टीमची धार होते रुकी आणि द-शाय, दोघेही कोरियन! देश एक, गेम दोन, स्वभाव एकमेकांच्या विरुद्ध, आणि 'चायनीज आक्रमकता' दाखवणारी पोरं कोरियाची. आता सांग, कुणाच्या रक्तात काय शोधायचं?

बरं, डोटातसुद्धा २०१६ ची विंग्ज ही टीम आठव. पाचही चायनीज, द इंटरनॅशनल ही डोटाची सर्वात मोठी स्पर्धा जिंकले, आणि संयम-बिंयम काही नाही. कुठलाही हीरो उचलायचे, समोरच्याला ड्राफ्ट (हीरो निवडायची फेरी) संपेपर्यंत पत्ता लागायचा नाही. तेव्हा काय झालं? ख्याती बदलली नाही. विंग्जलाच अपवादाच्या खात्यात टाकलं आणि 'चायनीज डोटा' होता तसाच राहिला. पुरावा उलटा आला तरी ज्याचं काही बिघडत नाही, तो अंदाज कास्टरने कशाला वापरायचा?

कोरियन शिस्तीचंही तेच. ती जर अंगात असती तर काउंटर-स्ट्राइकमध्येही दिसली असती. आजवर एकाही कोरियन टीमने मेजर (काउंटर-स्ट्राइकची सर्वात मोठी स्पर्धा) जिंकलेला नाही. १९९८ ला स्टारक्राफ्ट हा युद्धनीतीचा गेम आला आणि त्याच सुमारास तिथे पीसी बांग (गेमिंग कॅफे) आणि वेगवान इंटरनेट गल्लोगल्ली पोचलं. २००० मध्ये केस्पा ही कोरियाची ई-स्पोर्ट्स संघटना उभी राहिली. टीव्हीवर मॅचेस, टीमचं घर, पगार, एकाच छताखाली दिवसभर सराव. ज्या गेमला ही सगळी यंत्रणा मिळाली, तिथे कोरिया भारी. जिथे नाही मिळाली, तिथे चारचौघांसारखा. २०१६ ला स्टारक्राफ्ट २ ची प्रोलीग ही कोरियातली टीम लीग बंद पडली, बहुतेक टीमनी गाशा गुंडाळला. २०१८ ला सेराल नावाच्या फिनलंडच्या पोराने ब्लिझकॉनमधल्या जागतिक फायनलला कोरियाच्या स्टॅट्सला ४-२ हरवलं, ती स्पर्धा जिंकणारा पहिला बिगर-कोरियन. कोरियातल्या कुठल्या टीमच्या घरात राहून नाही, आपल्या घरी बसून सराव करत तो तिथवर आला होता. आणि ज्या शिस्तीचे आपण गोडवे गातो, त्याच कोरियन स्टारक्राफ्टमध्ये २०१० ला मॅच-फिक्सिंग उघडकीला आलं होतं, तेही माजी चॅम्पियनसकट.

मी शिकाऊ पोरांना डेमो (मॅचचं रेकॉर्डिंग) बघायला देतो तेव्हा टीमची नावं आणि झेंडे झाकून देतो. एकदा काउंटर-स्ट्राइकच्या मिराज या मॅपचा एक राउंड दिला. अटॅकवाल्यांकडे पैसे नाहीत, दोन रायफली, बाकी पिस्तुलं. चौघं शिफ्ट दाबून, म्हणजे पाय न वाजवता, अपार्टमेंटमधून येतात आणि खिडकीच्या अलीकडे थांबतात. कुणी हलत नाही. घड्याळात वीसेक सेकंद उरल्यावर पाचवा भिडू मिडला (मॅपच्या मधल्या वाटेला) मुद्दाम पाय वाजवत पळतो. बी साइटवरचा एक डिफेंडर तो आवाज ऐकून सरकतो, आणि त्याच क्षणी चौघं आत उडी टाकतात. पोरांनी एकमुखाने सांगितलं, डॅनिश टीम, किंवा फार तर फिनिश. ती निघाली हौशी लीगमधली रशियन टीम. झेंडा दाखवल्यावर त्यातलाच एक जण पुन्हा तोच राउंड बघत म्हणतो, "हां, शेवटची उडी बघा ना, बेफिकीर आहेत." राउंड तोच, डोळेही तेच.

आता 'चोकर'. जानेवारी २०१८, बॉस्टन मेजरची फायनल, तिसरा मॅप इन्फर्नो. फेझ १५-११ ने पुढे, म्हणजे एक राउंड काढला की मेजर त्यांचा. समोरच्या अमेरिकन क्लाउड नाइनने तो एक राउंड काढूच दिला नाही, १५-१५ केलं आणि दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये २२-१९ ने मॅच नेली. उत्तर अमेरिकन टीमने जिंकलेला तो पहिला मेजर. फेझमध्ये कोण होतं? डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, स्लोव्हाकिया आणि बॉस्निया, प्रत्येकी एक. खापर फोडायला एकही देश हाती लागेना! मग ते कॅरिगनच्या डोक्यावर फुटलं, कॉल देणारा, म्हणजे डावपेच ठरवणारा तोच म्हणून. हाच स्कोअर उलटा झाला असता, अमेरिकन पोरं १५-११ वरून हरली असती, तर आजतागायत 'अमेरिकन कच खातात' हे त्या मॅपच्या पुराव्यानिशी ऐकावं लागलं असतं. कॅरिगनने पुढे २०२२ ला अँटवर्पमध्ये फेझलाच मेजर जिंकून दिला. मधली चार वर्षं तो शिक्का घेऊन फिरला.

किती फायनल, असं विचारतोस. आकडा नाही सांगत, डॅनिश टीम अ‍ॅस्ट्रालिसचं सांगतो. डिव्हाइस, ड्युप्री आणि झिप-नाइन ही पोरं जुन्या टीममध्ये असताना ऐन सेमीफायनलला ढेपाळणारी म्हणून बदनाम. डॅनिश म्हणजे मोठ्या स्टेजवर हात थरथरणार, असंही बोललं जायचं. २०१६ ला त्यांनी मिया स्टेलबर्ग या मानसशास्त्रज्ञ बाईंबरोबर काम सुरू केलं, ग्लेव्ह कॉलर म्हणून आला आणि जानेवारी २०१७ ला अटलांटा मेजर जिंकला. शेवटचा मॅप ट्रेन, व्हर्टस प्रोविरुद्ध १६-१४. दोन राउंड इकडचे तिकडे झाले असते तर पुन्हा 'बघा, थरथरले'. पुढे लंडन २०१८, कॅटोविचे २०१९, बर्लिन २०१९, सलग तीन मेजर. मग तेच लोक म्हणायला लागले, डॅनिश म्हणजे यंत्र, भावनाच नाहीत त्यांना. देश तोच, माणसंही बरीचशी तीच. म्हणून म्हणतो, जिंकणं-हरणं आधी होतं, स्वभाव मागाहून चिकटवला जातो.

मिड_ऑर_फीड:
प्रो लोकांचं ठीक आहे हो बाबा, त्यांच्याकडे शिक्का पुसायला मेजर तरी असतो. मी रोज रँक्ड, म्हणजे अनोळखी लोकांबरोबर गुणांकनाच्या ऑनलाइन मॅचेस खेळतो. माइक उघडून "टू मिड" एवढं म्हटलं की उच्चारावरून ओळखतात आणि पलीकडून लगेच येतं, "वर्ड डॉट ई-एक्स-ई". २०१८ ला शांघायच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडियाच्या एका खेळाडूच्या मशिनवर चीट सापडलं, त्या फाइलचं हे नाव. मी तेव्हा गेम इन्स्टॉलसुद्धा केला नव्हता.

चांगला राउंड काढला की चीटर, मेलो की पिंगवाला (नेट अडकणारा) भारतीय. मधलं काही नाहीच. माइक बंद ठेवला तर म्हणतात, कॉल देत नाही, रिपोर्ट करा. हरीभाऊ, टोचलं तर आवाज बंद करा म्हणता, पण आवाज बंद करून हा गेम खेळता येत नाही.

डेमोबाबा:
@मिड_ऑर_फीड, तुझ्या प्रकरणाला एक जुनं जुळं भावंड आहे. नोव्हेंबर २०१४. टायटन या फ्रेंच टीमच्या खेळाडूवर व्हॅक बॅन (चीटिंगबद्दल गेममधून बंदी) बसला, पाठोपाठ आणखी एका फ्रेंच टीमच्या खेळाडूवर. दोन्ही टीमना तोंडावर आलेल्या ड्रीमहॅक विंटर मेजरमधून बाहेर काढलं. शांघायपेक्षा हे प्रकरण कितीतरी मोठं. मग 'फ्रेंच म्हणजे चीटर' असं आज कुणी लॉबीत ओरडतं का? नाही. कारण तोच मेजर एलडीएलसी या फ्रेंच टीमनेच जिंकला! फ्रान्सचं नाव घेतलं की लोकांना दहा गोष्टी आठवतात, त्यातली एक बॅनची. भारताचं नाव घेतलं की काउंटर-स्ट्राइकवाल्यांना आठवायला एकच गोष्ट आहे. ऑप्टिकने तर त्या प्रकरणानंतर सगळी भारतीय टीमच मोडीत काढली, म्हणजे ज्या चौघांनी काही केलं नव्हतं त्यांना दुसरी आठवण तयार करायची संधीही मिळाली नाही.

म्हणून कट्टेकरी, माझा खरा आक्षेप तुझ्या रशियन विनोदावर नाहीच. रशियाकडे आठवणी भरपूर आहेत, तो विनोद त्यांना लागायचा नाही. तोच विनोद एकच आठवण असलेल्या देशावर केलास की लागतो, आणि लागतो लॉबीतल्या अनोळखी पोराला.

टेकन_ताई:
एकच आठवण चांगली असली तरी त्रास आहे बरं का. टेकन हा मारामारीचा गेम बघणाऱ्यांना विचारा. २०१९ पर्यंत टेकन म्हणजे कोरिया, दुसरं नावच नाही. मग फेब्रुवारीत अर्सलान ॲश नावाचा पाकिस्तानचा खेळाडू व्हिसा आणि प्रवासाची दगदग सोसून एव्हो जपान या स्पर्धेला पोचला आणि जिंकून मोकळा झाला. वर म्हणाला, आमच्याकडे माझ्या तोडीचे अजून आहेत. लोकांना वाटलं बोलायचं म्हणून बोलतोय. कोरियाचा दिग्गज 'नी' स्वतः पाकिस्तानात जाऊन त्या पोरांशी खेळला तेव्हा कळलं की हा थापा मारत नव्हता. ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या एव्होला फायनल झाली ती अर्सलान आणि नी यांचीच, आणि अर्सलान पुन्हा जिंकला.

त्यानंतर काय झालं? ब्रॅकेटमध्ये (सामन्यांच्या तक्त्यात) पाकिस्तानचा झेंडा दिसला की समोरचा मॅचआधीच घाबरतो. मी ऑनलाइन स्पर्धांचे पूल (खेळाडूंचे गट) लावायचं काम करते. तिकडचा एक नवखा मुलगा, साधे पनिश (समोरच्याच्या चुकीवर उलटा फटका) चुकवणारा, त्याच्याविरुद्ध चांगले खेळाडू इतके बिचकून खेळले की बिचारा दोन राउंड जास्त टिकला. पुढच्या मॅचला हरला तर चॅटमध्ये थट्टा, "हा कसला पाकिस्तानी!" त्याने कुठे म्हटलं होतं की मी अर्सलान आहे?

हेडशॉट_हरी:
बरं बाबांनो, मुद्दा पोचला. पण मग कास्टरने करायचं काय? "निळ्या टीमने लाल टीमला मारलं" असं वाचायचं?

कॉमेंट्री_कट्टा:
माझाही हाच प्रश्न. रविवारी मंगोलियाच्या द मंगोलझ या टीमची २०२५ च्या ऑस्टिन मेजरची फायनल रीप्ले लावून कास्ट करणार आहे. मंगोलियाचं नाव न घेता ती कशी सांगू? खरं सांगायचं तर चंगेज खानाचे दोन-तीन विनोद लिहूनही ठेवलेत.

डेमोबाबा:
ते विनोद जगातल्या प्रत्येक कास्टरने करून झालेत, त्यामुळे निदान जुने म्हणून तरी फाड. नाव घेऊ नको असं मी कुठे म्हणालो? देशामुळे जे घडतं ते देशाच्या नावाने सांग. लीग कुठे आहे, सराव कुणाशी मिळतो, सर्व्हर किती लांब, व्हिसा मिळतो की नाही. युरोपातल्या टीम उठून शेजारच्या तगड्या टीमशी सराव करतात, मंगोलियाच्या पोरांना त्याच दर्जाच्या सरावासाठी अर्धं जग ओलांडावं लागतं. तिथून निघून मेजरच्या फायनलला जायचं आणि व्हायटॅलिटीकडून २-१ असं, एक मॅप काढून हरायचं, हे पाचदा सांगितलंस तरी चालेल.

राउंड मात्र माणसाच्या नावाने सांग. कॉल मंगोलझच्या ब्लिट्झचा असतो. टाइमआउटनंतर तो काय बदलतो ते आधी डेमोत बघून ठेव, पहिल्या मॅपपासून वहीत टिपून काढ. म्हणजे घुसाघुशी झाली की ती ठरवून होती की कुणी घाई केली, हे तुला सांगता येईल. प्रेक्षकाला चित्र लागतं ना, ते यातून जास्त स्पष्ट उभं राहतं. वेळ लागतो एवढंच, आणि खरं तर झेंड्यावर काम भागवायचं कारणही तेच असतं, तयारी नसते.

आणि इको राउंडला (टीम पैसे वाचवते तो राउंड) गप्प बसत जाऊ नकोस. तुझे मागचे दोन व्हीओडी (स्ट्रीमची रेकॉर्डिंग) बघितले, प्रत्येक इकोला पाणी पितोस.