डिझाइन: अभिकल्प, संकल्पचित्र की बेत?

पाटीपेन्सिल
आठवीच्या मुलांसाठी एक पुस्तिका मराठीत करतेय. एखादी वस्तू बनवताना अभियंते कसा विचार करतात, हा विषय. अडचण ओळखा, पर्याय काढा, नमुना करा, तपासा, सुधारा, पुन्हा तपासा. पण 'डिझाइन'पाशीच गाडी अडली. 'अभिकल्प' वर्गात वाचून दाखवला तर एकाने विचारलं, "बाई, हे कुणाचं नाव आहे का?" 'आराखडा' म्हटलं की मुलं लगेच पट्टी-पेन्सिल काढतात.
आणखी दोन शंका. 'इटरेशन'ला, म्हणजे हे तपासणं-सुधारणं पुन्हा पुन्हा करण्याला, 'पुनरावृत्ती' चालेल का? आणि शेवटच्या प्रकरणाचं नाव 'तंत्रज्ञानाचा मानवी जीवनावरील प्रभाव' ठेवलंय, ते कसं वाटतं?

कालवा_निवृत्त
आमच्या पाटबंधारे खात्याचा शब्द 'संकल्पचित्र'. नाशिकला मध्यवर्ती संकल्पचित्र संघटनाच आहे, धरणांची डिझाइनं तिथे होतात. शब्द देखणा आहे, पण त्याच्या शेवटी चित्र येतं. पूर किती येईल, भिंतीवर दाब किती पडेल, ही चित्राआधीची सगळी डोकेफोड त्यात दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर आम्ही आपसात त्या संघटनेला 'सीडीओ'च म्हणायचो, सेंट्रल डिझाइन्स ऑर्गनायझेशन.

धावदोरा
मी शिवणकाम करते, अभियांत्रिकीतलं कळत नाही. पण तुम्ही जे लिहिलंय त्याला आमच्याकडे 'बेतणे' म्हणतात. कापड समोर, अंगाचं माप वहीत, आणि दोन मीटरमध्ये ब्लाउज नि बाह्या कशा बसवायच्या याचा आधी डोक्यात विचार. मग खडूने खुणा, मग कात्री. "नीट बेतलं नाही" म्हणजे कल्पना वाईट होती असं नाही, कापड आणि माणूस यांचा मेळ बसला नाही.
नमुना म्हणाल तर कच्चा टाका घालून अंगावर चढवून बघतो. बगलेत ओढतंय का, हात वर होतो का. उसवायचं, पुन्हा टाचायचं. याला पुनरावृत्ती कशी म्हणणार? पुनरावृत्तीत तेच परत येतं. इथे दर खेपेला काहीतरी बदललेलं असतं.

पाटीपेन्सिल
वा! 'जेवणाचा बेत' आणि 'बेताची परिस्थिती' हे दोन्ही एकाच शब्दातून येतात हे कधी लक्षातच आलं नव्हतं. योजना पण तीच आणि मर्यादा पण तीच. पुस्तिकेत अगदी हेच मुलांना सांगायचंय, की हवं ते सगळं मिळत नाही, आहे त्यात बसवायचं असतं.

दोनसूत
बेत आवडला, पण जपून. बेत ठरतो आणि फिसकटतोही. पुलाचा बेत म्हटलं तर पूल होणार की नाही अशी शंका येईल. म्हणून नाम नको, क्रियापद घ्या. 'पंखा बेतला', 'चाक नव्याने बेतलं'. इटरेशनला 'फेरबेत' करा. फेरविचार, फेरतपासणी चालते तर हेही चालावं.
धावदोरा ताई, तुमच्याकडे शिवणीत जादा कापड सोडता त्याला काय म्हणता?

धावदोरा
माया. लहान मुलांच्या कपड्यात जास्त सोडायची, पुढच्या वर्षी उसवून वाढवता येतं.

दोनसूत
हेच ऐकायचं होतं. आमच्या लेथवर कुणी टॉलरन्सला 'सहनशीलता' म्हटलं तर हसू येतं. पण टॉलरन्सला माया म्हणू नका हं. टॉलरन्स म्हणजे माप किती चुकलं तरी चालेल. अलाउन्स म्हणजे मुद्दाम किती सोडायचं. ओतकामात पुढे घासून जाणार म्हणून जाडी वाढवून ठेवतात, ती माया. हे दोन एक समजलात तर जॉब रिजेक्ट!

विहिरीकडचा
'प्रभाव'बद्दल बोलतो. प्रभाव पुढाऱ्याचा असतो. मशीनने आमच्या जगण्यात फरक पाडला, किंवा परिणाम झाला म्हणा.
शेतीला थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की बॅटरी घेऊन रानात जायचं, साप-विंचू बघत खटका दाबायचा. मग आला ऑटो. लाईट आली की मोटर आपोआप चालू. झोप मिळाली. पण त्या डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्यांनीच ऑटो बसवले, आणि लाईट आली की सगळ्या मोटरी एका क्षणी उचलायच्या. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपी जळाली की पाणी बंद, उभं पीक वाळायला लागतं. महावितरण सांगतं ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. ज्याला रात्री रानात जायचंय त्याने ऐकायचं कसं?
आता पेटीत सिम घातलेला मोबाईल स्टार्टर आहे. घरून फोन लावायचा, मोटर चालू झाली की तो सांगतो. फेज गेली तरी कळवतो. ऑटो माझ्या एकट्याच्या झोपेच्या मापाने बेतला होता, डीपीचं माप कुणी घेतलंच नाही.
आणि हो, डीपीला कागदावर 'रोहित्र' लिहितात. आमच्या शिवारात रोहित्र म्हटलं तर लोक रोहितला हाक मारतील.

कालवा_निवृत्त
मापाचं बरोबर बोललात. जयपूर फूटचं उदाहरण पुस्तिकेत घ्या. परदेशी कृत्रिम पाय बुटात घालून खुर्चीवर बसणाऱ्याच्या मापाचा होता. आपल्याकडे उकिडवं बसावं लागतं, मांडी घालावी लागते, अनवाणी चिखलात जावं लागतं. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा, वाकणारा पाय केला. सेठींना १९८१चा मॅगसेसे मिळाला. शर्मांचं नाव फार कमी जणांना आठवतं, म्हणून ते आवर्जून छापा.

पाटीपेन्सिल
दोन्ही नावं छापते. प्रकरणाचं नाव बदललं: 'यंत्राने काय फरक पडला?' 'अभिकल्प' कंसात एकदाच येईल, परीक्षेपुरता. धडा 'माप, बेत, कच्चा टाका, फेरबेत' या क्रमाने चालेल. ऑटोची गोष्ट 'कुणाचं माप राहिलं?' या स्वाध्यायात घालते.
एकच उरलं. 'जिवावर बेतणे' यातलं बेतणे तेच का? मुलं विचारणार.

धावदोरा
क्रियापद तेच. फक्त तिथे कात्री आपल्या हातात नसते.

दोनसूत
+१. आणि त्या पानावर माया सोडा, मुलं खूप लिहितात.